हिरवं मोजायचं न्हाई

माझ्या थोरल्या बहिणीचं वजन एकोणऐंशी किलो होतं आणि ते होळीच्या आत सत्तरवर आणायचं होतं. बाईमाणसाचं वजन असं चारचौघांत सांगू नये, हे मला कळतं. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नाही. शिवाय ते कमी करायचं होतं तेही माझ्यापायी.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी पेडगावात प्राथमिक शाळेवर मास्तर. दहा वर्षं रक्तदाब वाढलेला होता आणि मी गोळी आठवण झाली तर घेत होतो. सातचा पाढा विसरणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. मला कोण उभं करणार? शेवटी शरीरानंच केलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीला जायचं, चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि पिळलेल्या धुण्यासारखं घरी यायचं, असं चाललं होतं.

माझी बायको सविता पहिल्या दिवसापासून आपली किडनी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. जुळला तो अक्काचा. अक्का म्हणजे कडूबाई, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, वालूरला दिलेली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "किडनी एक नंबर आहे. पण वजन जास्त आहे. सत्तरच्या आत आलात तर ऑपरेशन, नाहीतर आम्ही हात लावणार नाही. आणि भावाला फार दिवस थांबवता येणार नाही, होळीच्या आत काय ते करा."

"सत्तरच न्हवं का," अक्का म्हणाली. "म्हसरं बी उन्हाळ्यात रोडत्यात. मी तर मानूस हाय."

मला जगायचं होतं, हे मी लपवत नाही. पण अक्काच्या पोटाला सुरी लावून जगायचं नव्हतं. तिला काही झालं तर? या दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकाच वेळी होत्या आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. सविताला सांगितलं असतं तर तिनं मला तिथंच सोलून काढलं असतं.

भाऊबीज झाली आणि अक्का परत वालूरला गेलीच नाही. वालूरला तिच्या दोन सुना, त्यांचं रोजचं तळण, आणि आठवड्याला एक बारसं नाहीतर साखरपुडा. तिथं वजन कमी होणं शक्य नव्हतं. पेडगावहून परभणी जवळ, माझ्याबरोबर दवाखान्यातही येता येणार. म्हणून दत्तराव, म्हणजे माझे दाजी, स्वतः तिला सोडून गेले. जाताना म्हणाले, "बन्सीधर, शाबूत परत द्या म्हंजे झालं." ते थट्टेनं म्हणाले होते, पण मला दोन दिवस घास गोड लागला नाही.

परभणीच्या दवाखान्यात मैथिली नावाची आहारतज्ज्ञ होती. पोरगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पण शिस्तीत माझ्याही वरताण. तिनं अक्काला समोर बसवून सांगितलं, "काकू, भाकरी दिवसाला दोन. भात वाटीभर. तेल सगळं धरून तीन चमचे. शेंगदाणे, साखर, फरसाण बंद. रोज तासभर चालायचं. भाजीपाला मात्र मोजत बसू नका, तो पोटभर खा."

"मोजायचाच न्हाई?" अक्कानं खात्री करून घेतली.

"नाही. भाजीच्या कॅलरी मोजून माणूस नुसता कावतो. हिरवं हवं तेवढं खा."

आता गंमत बघा. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून तिनं मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की भाजी मोजल्याशिवाय तोंडात घालायची नाही. आमच्या किडन्यांना पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि ते असतं नेमकं भाज्यांत. पालक बंद, टोमॅटो बंद, बटाटा चिरून कोमट पाण्यात दोन तास भिजवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. मी तो सगळा तक्ता पाठ केला होता. कुठल्या भाजीत किती, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

"एका आईची लेकरं आमी," अक्का मैथिलीला म्हणाली, "एकाला समदं मोजून, आन् एकाला काईच मोजायचं न्हाई. असं कसं वो म्याडम?"

मैथिली हसली आणि तिनं एक वही दिली. अक्कानं दिवसभरात जे खाल्लं ते त्यात लिहायचं, दर शुक्रवारी काट्यावर उभं राहायचं आणि महिन्यातून एकदा वही आणून दाखवायची. अक्काची शाळा तिसरीतच सुटलेली. सही करते, बाकी अक्षरांशी तिचं फारसं येणं-जाणं नाही. तेव्हा वही लिहायचं काम माझ्याकडं आलं.

पेडगावात ही बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. आमच्याकडं एक रीत आहे. माहेरवाशीण दारावरून गेली तर तिला रिकाम्या तोंडानं जाऊ द्यायचं नाही. आणि अक्का तीस वर्षांत आठ दिवसांच्या वर माहेरी राहिलीच नव्हती. सगळ्या भावकीला वाटायचं, इतक्या वर्षांचं राहिलेलं खाऊ घालणं आता एकदमच उरकून घ्यावं. अक्का सकाळी चालायला निघायची आणि चालणं दहा मिनिटं, जेवणं चार, अशी परत यायची.

तिनं आपला बंदोबस्त केला होता. कुठंही गेली की आधीच सांगायची, "भाकर नगं. निस्ती भाजी घाल."

आता निस्ती भाजी घालायची म्हणजे समोरच्या बाईला कसंनुसं होतं. आमची चुलतभावजय राजेश्री मला म्हणाली, "भाऊजी, आक्का भाकर खाईनात, मंग भाजी तरी बरी करावं म्हनलं." बरी म्हणजे काय, तर वांग्यात वांग्याहून जास्त शेंगदाण्याचं कूट, आणि वर बोटभर तेलाचा तवंग. वाटी संपली की दुसरी. भाजीच आहे, मोजायची कशाला? मी रात्री वहीत लिहायचो, "भाजी, दोन वाट्या." मला तेव्हा वाट्यांत काय होतं ते ठाऊक नव्हतं, ही माझी त्या दिवसांतली एकमेव निष्पाप नोंद.

तरी पहिल्या महिन्यात वजन उतरलं. पाच भाकऱ्यांवरून दोनवर आलेली बाई, उतरणारच. डिसेंबरच्या मध्याला काटा साडेपंचाहत्तरवर आला. मैथिलीनं टाळी दिली. सविता परत येताना देवळापुढं थांबली. मी यंत्रावर पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड करून होतो.

आणि मग हुरडा आला.

बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही, पण आमच्या भागात त्या दोन महिन्यांत माणूस घरी कमी आणि शेतात जास्त जेवतो. कोवळ्या ज्वारीची कणसं आगटीत भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, दाणे फुंकून पाखडून पुढ्यात टाकायचे. वर कारळाची चटणी. शेजारी हिरव्या हरभऱ्याचे ढाळे, मडक्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. माझा चुलतभाऊ भगवानराव यानं अक्काला मुद्दाम बोलावलं, मीही गेलो.

मला मूठभराच्या वर परवानगी नव्हती. मी माझी मूठ एकेक दाणा चावत पुरवत होतो. अक्का मांडी घालून बसली आणि एक पसा, दोन पसे, पाच पसे. मग ढाळे. मग शेंगांचं मडकं तिनं सरळ मांडीजवळच ओढून घेतलं. तिचा चेहरा असा उजळला होता की मला क्षणभर ती आठ वर्षांची पोर वाटली.

"अक्का," मी म्हणालो, "हे..."

"हे काय? हिरवंच हाय की." तिनं तळहात माझ्यापुढं धरला. दाणे खरंच हिरवेगार होते. "हिरवं मोजायचं न्हाई म्हनली म्याडम. तुझ्याम्होरंच म्हनली."

मला माहीत होतं की हुरडा म्हणजे ज्वारी. ज्वारी म्हणजे भाकरी. भाकरी तव्यावर जायच्या आधी हिरवी असते म्हणून ती भाजी होत नाही. हे मी तिसरीच्या पोरांना परिसर अभ्यासात शिकवतो, धान्य कोणतं, कडधान्य कोणतं, भाजी कोणती. मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते सांगतो, कारण इथं खोटं बोलायचं तर लिहायचंच कशाला. मला वाटलं, खाऊ दे. वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. मला नाही म्हणावं लागणार नाही. अक्का शाबूत वालूरला जाईल, दाजींना तोंड दाखवता येईल, आणि दोष कुणाचाच नसेल.

त्या रात्री मी वहीत लिहिलं, "हिरवी भाजी, भरपूर."

पुढं महिनाभर हेच चाललं. आज भगवानरावाचं शेत, उद्या शेजारच्या नागेशचं, परवा राजेश्रीच्या माहेरचे आलेले म्हणून पुन्हा आगटी. मी प्रत्येक वेळी बरोबर आणि प्रत्येक वेळी वहीत तेच वाक्य, वळणदार अक्षरात. सविता हैराण झाली होती. "आक्का भाकर तर दीडच खायल्यात, मंग वजन कामून उतरंना?" ती मला विचारायची. मी म्हणायचो, थंडीत शरीर धरून ठेवतं. असं काही नसतं. मास्तरानं ठासून सांगितलं की खरं वाटतं, एवढंच.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी अक्का काट्यावर चढली. शहात्तर. महिन्याभरात अर्धा किलो वर.

मैथिलीनं तिला पुन्हा चढवलं, मग स्वतः चढून काटा बरोबर आहे का ते पाहिलं. मग वही उघडली. पानं उलटता उलटता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काकू, भरपूर हिरवी भाजी, भरपूर हिरवी भाजी. कोणती भाजी खाता एवढी?"

अक्का मोकळेपणानं बोटं मोजत सांगू लागली. "हुरडा. ढाळे. तुरीच्या शेंगा. वल्ला वाटाना. आन् राजेश्रीचं वांगं, पर ते अधनंमधनं."

मैथिली आधी हसली. हसू आवरेना म्हणून तिनं चष्मा काढला. "अहो काकू, हुरडा म्हणजे ज्वारी! वाटीभर हुरड्यात पाऊण भाकरी असते. ढाळे म्हणजे हरभरा. आणि कूट घातलेलं तेलातलं वांगं... भाजी मोजू नका म्हटलं मी, पण तेल मोजा आणि शेंगदाणे बंद म्हटलं होतं ना?"

"आगं बया," अक्का म्हणाली आणि तीही हसायला लागली. सविताही हसली. मग मैथिलीचं हसू एकदम थांबलं. तिनं वहीवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"सर, तुम्हाला तर तक्ता तोंडपाठ आहे. हुरडा भाजीत कसा लिहिलात?"

मी हाताला लावलेल्या नळीकडं बघायला लागलो. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. अक्कानं मैथिलीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. तिला वाचता येत नाही, पण मला ती मी बोलायच्या आधीपासून वाचते आहे.

सविता तिच्या भावाच्या घरी निरोप द्यायचा म्हणून तिथूनच रिक्षानं गेली. मी आणि अक्का बसस्टँडवर गाडीची वाट बघत बाकावर बसलो. शेंगदाणेवाला दोनदा पुढून गेला. अक्कानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बन्सी, तुला म्हाईत होतं."

"व्हय."

"कवापासून?"

"पैल्या दिसापासून."

तिनं पदर गुडघ्यावर गोळा केला. "शाळेत असंच करतूस का? पोरगं बिचारं आपलं लिवायलंय, आन् मास्तर त्याला मुद्दाम नापास करायलाय?"

"अक्का, तुला काही झालं तर मी दाजींना काय तोंड दाखवू? तुझ्या लेकरांना काय सांगू? मला न्हाई घ्यायचं तुझं काही. आधीच लय घेतलंय."

"काय घेतलंस?"

मी सांगितलं नाही, पण तिला कळलं. आमचे वडील, अप्पा, गेल्यावर सहा वर्षांमागं वावराच्या हक्कसोडीवर तिची सही घेतली होती. सगळेच घेतात. बहिणी येतात, सही करतात, साडी घेतात आणि जातात. मीही तेच केलं, आणि तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नव्हतं.

"वावराचं म्हनतूस व्हय," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्याचा राग न्हाई मला. पर एक सांग. तहसीलला मला नेलं, इथं सही कर म्हनलं, मी केली. तवा कुनी इचारलं का, कडू, तू देतीस का? न्हाई. लगीन बी तसंच. वालूरला द्यायचं ठरलं, सुपारी फुटली, मंग मला कळलं. माज्याकडनं समद्यांनी घेतलं, बाबा. मी दिलं असं कवाच न्हाई. ह्या खेपेला कुनी मागायच्या आधी मी म्हनलं, मी देते. पैली बार. आन् तू तेबी मला करू देईनास."

परभणीच्या बसस्टँडवर, भर दुपारी, सत्तेचाळीस वर्षांचा मी ढसाढसा रडलो. लाज वगैरे काही वाटली नाही. तेवढ्यात माझा जुना विद्यार्थी नागसेन, आता कंडक्टर झालेला, तिकिटाची पेटी सावरत पुढं आला. "नमस्कार सर!" म्हणाला आणि माझं तोंड बघून दचकला. "सर, डायलिसिस लय दुखतं का वो?"

"आज जरा जास्तच लागलं बग त्याला," अक्का म्हणाली. "जागा धर आमाला दोन."

गाडीत बसल्यावर तिनं पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर टाकली. "आता समदं लिव्ह. काकडी बी लिव्ह."

घरी आल्यावर मी सविताला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा न बोललेली बरी होती. "तुमाला मराचंय तर मरा," म्हणाली, "पर मला न इचारता मरायचं न्हाई." घरातल्या दोन्ही बायकांची तक्रार एकच निघाली, हे माझ्या उशिरानं लक्षात आलं.

मग खरी मोजणी सुरू झाली. सवितानं तेलाची पळी माळ्यावर टाकली आणि चमचा आणला. पहिल्या दिवशीचं वांगं बघून अक्का म्हणाली, "ह्ये वांगं हाय का वांग्याची आठवन?" पण खाल्लं. तो चमचा तिनं कमरेला खोवला आणि गावभर फिरली. कुणी बोलावलं की आत जाऊन आधी चमचाच पुढं करायची, भाजीला एवढंच तेल, नाहीतर मी निघाले. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण ऐकायच्या. रिकाम्या तोंडानं तर पाठवता येत नाही, म्हणून राजेश्रीनं एक दिवस मुळा आणि गाजर कापून पुढं ठेवलं. माहेरवाशिणीला मुळा देऊन वाटेला लावलं, असं पेडगावात पहिल्यांदाच घडलं असेल. पण पंधरा दिवसांत घराघरांतून मुळेच यायला लागले. कुणाच्या शेतात आगटी पेटली की अक्का लांबून धूर बघायची, मोठा उसासा टाकायची आणि वाट बदलायची.

मी पहाटे तिच्याबरोबर चालायला लागलो. तिच्या पावलाला माझं पाऊल पुरत नव्हतं, तरी फाट्यापर्यंत जायचो. संध्याकाळी वही घेऊन बसलो की तिची उलटतपासणी.

"काकडीचं किती लिवलंस?"

"काकडी मोजायची नसते, अक्का. मैथिलीला फोन लावून विचारलं मी."

"लिव्ह."

"पंधरा कॅलरी."

"मेथीचं?"

"मेथीचं मोजून काही होत नाही."

"एकदा न मोजता बघितलं की. लिव्ह."

तर लोक हल्ली मला विचारतात, मास्तर, वजन उतरवायचं तर भाजीच्या कॅलरी मोजायच्या का हो? मी सांगतो, मेथी, दोडका, काकडी, मुळा यांच्या नका मोजू, वेळ जातो. भाजीबरोबर कढईत काय गेलं ते मोजा. आणि वही लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी तपासून घ्या.

वजन उतरत गेलं. चौऱ्याहत्तर, बाहत्तर, मग एक आठवडा तिथंच अडून बसलं आणि अक्कानं दुसरी भाकरीही अर्धी केली. दत्तराव दर रविवारी फोन करायचे. "तिकडं किती?" विचारायचे आणि सांगायचे, "इकडं बी चार किलो उतरलंय, माजं. सुना तुज्यावानी करीत न्हाईत." अक्का खुशीत यायची आणि त्यांना रागवायची.

होळीच्या चार दिवस आधी आम्ही परभणीला गेलो. अक्कानं चपला काढल्या, हातातली पिशवी सविताला दिली, आणि डोळे मिटून काट्यावर उभी राहिली.

"सांगा काय ते," म्हणाली. "मी बघनार न्हाई."

मैथिली खाली वाकली. मी पलंगावरून मान उचलून बघायला लागलो, तशी नर्स ओरडली की हात हलवू नका. या वेळी मी भिंतीकडं तोंड केलेलं नव्हतं.

"एकोणसत्तर आठशे!" मैथिली किंचाळली. ती शिस्तीची पोरगी अक्काच्या गळ्यातच पडली. आजूबाजूच्या पलंगांवरची माणसं, नळ्या लावलेली, आमच्यासारखीच पिळून निघणारी, त्यांनी एकेका हातानं मांडीवर थाप मारत टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं संभाजीनगरच्या दवाखान्यात समितीपुढं बोलावणं आलं. ऑपरेशनच्या आधी हे करावंच लागतं. एक लांबट टेबल, पलीकडं तीन जण, बाजूला कॅमेरा. मधे बसलेल्या डॉक्टरबाई वयस्क होत्या. त्यांनी आधी कागद तपासले, आम्ही सख्खे भाऊबहीण असल्याचं बघितलं, वालूरहून आलेल्या दत्तरावांना दोन प्रश्न विचारले. मग त्या अक्काकडं वळल्या.

"कडूबाई, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?"

"न्हाई."

"कशाचं आमिष दाखवलं?"

"न्हाई वो. उलट लय उपाशी ठेवलं."

टेबलापलीकडचे दोघं हसले. बाईही हसल्या, मग कागद सरळ करून म्हणाल्या, "ही किडनी तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय का?"

अक्का बोलेना. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला. खोलीत पंखा फिरत होता. दत्तराव खुर्चीत पुढं सरकले. आता ही नाही म्हणाली तरी तिची चूक नाही, असं मला त्या क्षणी वाटलं.

"काकू, प्रश्न कळला का?" बाईंनी हळू विचारलं.

"कळला की."

"मग?"

"परत एकदा इचारा," अक्का म्हणाली. "मर्जीचं. आजवर कुनी इचारलं न्हवतं मला. परत एकदा इचारा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कॅमेऱ्याकडं न बघता, अक्काच्या डोळ्यांत बघून त्यांनी तोच प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द सावकाश उच्चारून, पुन्हा विचारला.

"व्हय," अक्का म्हणाली. "माज्या मर्जीनं देते."